सगळ्या हिरव्या माश्या ‘प्युरा’ नसतात: न्यू जर्सीतल्या एका बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या न्यू जर्सीत टाउनशिपच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक प्रशासनाच्या) जागेवर एक सामुदायिक बाग आहे. बागेचं आणि माणसांचं नाव देत नाही, बाकी जे घडलं ते घडलं तसं लिहितोय. बागेचं काम एक ताई बघतात, मूळच्या सांगलीकडच्या, आता रिटायर्ड. त्यांच्याबरोबर हायस्कूलमधली एक मुलगी आहे जिच्याकडे चांगला डोळा आणि फोनला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स आहे, आणि मला लोक माशा ओळखायला बोलावतात म्हणून मी.

बागेत माउंटन मिंट, एकिनेशिया, ब्लॅक-आइड सुझन आणि शेवटी शेवटी गोल्डनरॉड असा सगळा स्थानिक झाडोरा लावलेला. त्यामुळे उन्हाळाभर तिथे चकचकीत हिरव्या छोट्या माश्या (घरमाश्या नव्हे, मधमाशीच्या नात्यातल्या) असतात, म्हणजे इतक्या चकचकीत की पहिल्यांदा बघणाऱ्याला कोणीतरी रंग मारलाय असंच वाटतं. ह्यांना इकडे स्वेट बी म्हणतात, कारण ह्या कुटुंबातल्या बऱ्याच माश्या घामातल्या क्षारासाठी अंगावर येऊन बसतात. कुटुंबाचं नाव हॅलिक्टिडी. सगळ्या स्वेट बी हिरव्या नसतात, बहुतेक तर काळपट-तपकिरीच असतात, पण लोकांच्या लक्षात राहतात त्या हिरव्या.

ह्या बागेतल्या दोन जागा महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे कुंपणाच्या कोपऱ्यातला कुजक्या ओंडक्यांचा ढीग, सावलीत, साल सुटलेली, भुसभुशीत झालेला. आणि दुसरी दक्षिणेकडे तोंड असलेली एक छोटी उतरण, रेताड माती, मधे मधे गवताचे झुपके आणि बाकी उघडी जमीन.

अडचण काय होती

त्या मुलीने उन्हाळ्यात हिरव्या माश्यांचे भरपूर फोटो काढून आयनॅचरलिस्टवर, म्हणजे फोटोवरून प्राणी-वनस्पती ओळखायच्या ॲपवर टाकले. जवळपास प्रत्येक फोटोला ॲपने पहिलं नाव सुचवलं ऑगोक्लोरा प्युरा, म्हणजे शीर्षकातली ‘प्युरा’. बऱ्याच फोटोंना कोणीतरी येऊन ‘ॲग्री’ दाबलं आणि फोटो रिसर्च ग्रेड झाला. आता हे रिसर्च ग्रेड काय असतं ते नीट समजून घ्यायला हवं. किमान दोन जणांनी ओळख दिली आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं की ते लेबल लागतं. फोटोत ओळखायची खूण दिसतेय का, हे त्यात कोणी तपासत नाही. दोन माणसांनी वरून काढलेला एक धूसर हिरवा ठिपका बघून होकार दिला तरी लेबल तेच लागतं.

हे नुसतं नावापुरतं राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. टाउनशिपचं फॉल क्लीनअप जवळ येत होतं, आणि त्यात दोन गोष्टी ठरायच्या होत्या: ओंडक्यांचा ढीग उचलायचा का, आणि उतरणीवर वुडचिप्सचा मल्च, म्हणजे माती झाकणारा लाकडाच्या तुकड्यांचा थर, टाकायचा का. मल्च मागणाऱ्यांचं कारण साधं आणि खरं होतं, पावसात तिथली माती खाली पायवाटेवर येते. शिवाय बागेत माहितीचा एक बोर्ड लागणार होता. ताईंनी मसुदा केला होता तो असा: बागेतल्या हिरव्या माश्या म्हणजे ऑगोक्लोरा प्युरा, ह्या कुजक्या लाकडात घर करतात, म्हणून आपण ओंडके ठेवतो.

मसुद्यातलं प्युराबद्दलचं वाक्य अगदी बरोबर आहे. ऑगोक्लोरा प्युरा खरंच कुजक्या लाकडात घर करते, एकटी राहते, आणि मिलन झालेल्या माद्या सालीखाली-ओंडक्यात हिवाळा काढतात. पण त्याच ॲपमधल्या फोटोंवरून टाउनशिपच्या माणसाने निष्कर्ष काढला की माश्या लाकडात राहतात म्हणजे उतरणीवर मल्च टाकायला काहीच हरकत नाही. आणि तिथेच मला थांबवावंसं वाटलं, कारण न्यू जर्सीत सापडणाऱ्या बाकीच्या चकचकीत हिरव्या स्वेट बी जमिनीत घर करतात. नाव चुकलं तर घर चुकतं, आणि घर चुकलं तर आपण त्यांच्या दारावर चार इंच मल्च टाकून मोकळे होतो.

हिरव्या माश्या नेमक्या किती प्रकारच्या

इथे थोडं सविस्तर लिहितो कारण खरी गंमत आणि खरा गोंधळ इथेच आहे.

पहिला गट अगापोस्टेमॉन. ह्या त्यातल्या त्यात मोठ्या, अकरा मिलिमीटरच्या आसपास. सगळ्यात सोपी म्हणजे अगापोस्टेमॉन व्हायरेसेन्स, फॅब्रिशियस ह्या कीटकशास्त्रज्ञाने 1775 मध्ये वर्णन केलेली. हिच्या मादीचं डोकं आणि छाती हिरवी, पण पोट काळं-पांढरं पट्ट्यांचं. इकडच्या भागात असं दुसरं कोणी नाही, दुरून फोटो असला तरी चालतं. टोरांटो शहराने हिलाच आपली अधिकृत माशी म्हणून निवडलंय. नराचं पोट मात्र काळं-पिवळं, आणि ह्या गटातल्या सगळ्याच जातींचे नर साधारण असेच दिसतात, तिथे मागचे पाय आणि पोटाची खालची बाजू बघावी लागते. शिवाय टेक्सॅनस, सेरिसियस, स्प्लेंडेन्स ह्या जातींच्या माद्या पूर्ण हिरव्या असतात, पोटासकट, आणि मग त्या पुढच्या गटाशी गोंधळतात. त्यांना वेगळं काढायची खूण मागून बघितल्यावर दिसते: छातीचा अगदी मागचा भाग, जिथून पोट सुरू होतं, त्या सपाट उभ्या भागाभोवती अगापोस्टेमॉनला ठळक कडा असते, पूर्ण गोल फिरलेली. बाकीच्यांना तशी पूर्ण कडा नसते.

दुसरा गट ऑगोक्लोरिनी, म्हणजे ऑगोक्लोरा, ऑगोक्लोरेला आणि ऑगोक्लोरॉप्सिस. नावं एकसारखी, रंग एकसारखा, आणि वरून काढलेल्या फोटोत तर तिघी बहिणीच. न्यू जर्सीत ऑगोक्लोराची एकच जात भेटते, प्युरा, सुमारे आठ मिलिमीटर. ऑगोक्लोरेला साधारण पाच ते सात मिलिमीटर, पण आकारावर भरवसा ठेवता येत नाही कारण छोटी प्युरा आणि मोठी ऑगोक्लोरेला एकाच मापाच्या निघतात, आणि फोटोत शेजारी मापपट्टी कुठे असते.

रंगावरही जाऊ नका, हे मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगतो. हा रंग रंगद्रव्याचा नाही, बाह्य कवचाच्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परततो त्यातून तयार होतो. एकाच जातीत कोणी पोपटी, कोणी तांब्यासारखी, कोणी निळसर असते, आणि तीच माशी ढगाळ दिवशी वेगळी नि उन्हात वेगळी दिसते. ‘ही जास्त सोनेरी आहे म्हणजे ऑराटा (ऑगोक्लोरेलाची एक जात) असणार’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

मग बघायचं काय? तीन ठिकाणं.

पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला एक लांबट बंद खाना असतो, मार्जिनल सेल म्हणतात त्याला. प्युरामध्ये त्याचं पंखाच्या टोकाकडचं टोक तिरकं छाटल्यासारखं बोथट असतं. ऑगोक्लोरेलात ते निमुळतं होत जाऊन जवळजवळ टोकदार होतं.

दुसरं, चेहरा. तोंडाच्या वरच्या पट्टीला क्लायपियस म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना जी शिवण असते तिथे चेहऱ्याचा एक कोपरा पट्टीत घुसलेला दिसतो. प्युरामध्ये हा कोपरा लघुकोन, म्हणजे तीक्ष्ण. ऑगोक्लोरेलात काटकोन किंवा त्याहून पसरट. हे बघायला फोटो अगदी समोरून हवा.

तिसरं, पंखाच्या मुळाशी झाकणासारखी असलेली बारीक चकती, टेग्युला. ऑगोक्लोरा आणि ऑगोक्लोरेलात ती मसुराच्या डाळीसारखी गुळगुळीत लंबगोल असते. ऑगोक्लोरॉप्सिसमध्ये तिच्या आतल्या बाजूला खाच आणि मागे कोपरा असतो, एकदा दिसली की विसरत नाही. त्याशिवाय ऑगोक्लोरॉप्सिसच्या पोटाच्या पहिल्या दोन वळ्यांच्या कडेला बारीक दाट केसांची झालर असते.

आणि ह्या सगळ्याच्या आधी ती मधमाशीच्या नात्यातली, म्हणजे ‘बी’ आहे का हे बघा. हिरवी बॉटल फ्लाय दोनच पंखांची, मिशा अगदी आखूड. ककू वास्प म्हणजे परपोषी गांधीलमाशी हिरवीगार असते पण अंगभर खड्डे-खड्डे आणि पोटाची खालची बाजू आत वळलेली, धोका वाटला की गोळा होते. ऑस्मियाच्या काही जाती हिरव्या-निळ्या, त्यांची मादी पराग पोटाखाली नेते, पायावर नाही.

ताईंनी इथे एक प्रश्न विचारला जो महाराष्ट्रातल्या वाचकांनाही पडेल. म्हणाल्या, ‘अरे, आमच्याकडे तुळशीवर अशीच हिरवी माशी यायची, ती हीच का?’ ही नाही. ऑगोक्लोरिनी हा गट फक्त अमेरिका खंडांत आहे. आपल्याकडे तुळशीवर दिसणारी छोटी, पाचूसारखी हिरवी माशी बहुतेक वेळा सेरॅटिना स्मॅराग्ड्युला असते. तिचं कुटुंबच वेगळं, एपिडी, म्हणजे मधमाशीच्या आणि भुंग्याच्या घरातली, आणि ती सुकलेल्या काड्यांमधला मऊ गर कोरून घर करते.

समोर असलेले पर्याय

ॲपवर विश्वास ठेवून बोर्ड छापायचा, हा पहिला पर्याय. वेळ वाचला असता. ताईंचा कल सुरुवातीला इकडे होता, आणि त्यांची बाजू समजण्यासारखी आहे: बोर्ड वाचणारी लहान मुलं आहेत, त्यांना एक नाव, एक चित्र, एक गोष्ट हवी.

दुसरा पर्याय, नुसतं ‘हिरव्या स्वेट बी’ लिहून गप्प बसायचं. खोटं काही नाही, पण टाउनशिपला उतरणीबद्दल सांगायला हातात काहीच उरलं नसतं.

तिसरा, माश्या पकडून मारून पिन लावायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. शास्त्रीयदृष्ट्या हाच सगळ्यात भक्कम मार्ग, आणि जे लोक नमुने गोळा करतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मेरीलँडमधल्या यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) बी लॅबने असे नमुने नीट धुऊन-वाळवून त्यांचे अफाट सुंदर फोटो लोकांसाठी मोफत खुले केलेत, आणि मी स्वतः टेग्युला ओळखायला शिकलो ते त्याच फोटोंवरून. पण ती मुलगी ठाम होती. ‘काका, बोर्डसाठी मारायच्या नाहीत.’ ताईंनाही ते पटलं. टाउनशिपच्या जागेवर नमुने गोळा करायला परवानगीही काढावी लागली असती.

चौथा पर्याय, माशी जिवंत पकडून थंड करायची, खुणांचे फोटो घ्यायचे आणि सोडून द्यायची. ह्यात वेळ जातो, आणि ज्या जातींमधला फरक मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही तिथे हा मार्ग अडतो. तरी आम्ही हाच घेतला.

सोबत एक गोष्ट आधीच ठरवून टाकली आणि माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला तोच कळीचा निर्णय होता. प्रत्येक माशीला नाव फक्त तितकंच द्यायचं जितकं फोटोतल्या खुणेने सिद्ध होतं. टेग्युला दिसली तर गट, पंखाचं टोक दिसलं तर गट, जातीची खूण दिसली तरच जात. आणि फोटोला नाव देताना कोणत्या खुणेवरून दिलं ते शेजारी लिहायचं. ‘दिसायला तशी वाटते’ हे कारण चालणार नाही.

प्रत्यक्ष काय केलं

मुलीने छोट्या पारदर्शक बाटल्या आणल्या, मी बर्फाच्या पॅकची डबी. फुलावरच्या माशीवर बाटली धरायची, झाकण खालून सरकवायचं, बाटली थंड डबीत काही मिनिटं ठेवायची. माशी सुस्तावते. मग ती पांढऱ्या कार्डावर काढायची. कवच इतकं चकाकतं की थेट उन्हात फोटो काढला तर सगळ्या खुणा पांढऱ्या झळाळीत वाहून जातात, त्यामुळे वरून पांढऱ्या थर्माकोलच्या कपाचा तुकडा धरून उजेड मऊ करायचा. ही कपाची युक्ती तिचीच होती.

चार फोटो ठरलेले. समोरून चेहरा, बाजूने टेग्युला, पसरलेला पंख, आणि मागून छातीचा उतार. हे सगळं मिनिट-दोन मिनिटांत उरकावं लागतं. एक छोटी प्युरा आठवते, कार्डावर कुशीवर पडलेली, एक पंख अंगापासून सुटा, आणि त्या पंखाच्या कडेचा तो छाटलेला कोपरा लेन्समधून स्पष्ट दिसत होता, शिरा तांबूस-तपकिरी. मुलगी फोटो घेतेय तोवर पोट धापा टाकल्यासारखं आत-बाहेर व्हायला लागलं, मग मिशा हलल्या, मग पुढच्या पायांनी तिने डोळे पुसले, आणि एका क्षणात कार्ड रिकामं. शेवटचा फोटो राहिलाच. पण पंख मिळाला होता, आणि त्या माशीसाठी तेवढं पुरेसं होतं.

नर की मादी हेही लिहून ठेवलं, कारण नराच्या आणि मादीच्या खुणा वेगळ्या. मागच्या पायावर परागाचे दाट केस दिसले तर मादी. मिशीचे भाग मोजले तर मादीला बारा आणि नराला तेरा, पण जिवंत माशीवर हे मोजणं कठीण, फोटो मोठा करून मोजावं लागतं.

मेलेल्या माश्याही उपयोगी पडल्या. अवजारांच्या शेडच्या खिडकीत आणि पक्ष्यांच्या पाण्याच्या थाळीत अधूनमधून मेलेल्या सापडायच्या. ताईंनी त्या छोट्या डब्यांत तारीख आणि जागा लिहून ठेवायला सुरुवात केली, कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून केलं, आणि पुढे त्यातलीच एक फार महत्त्वाची ठरली.

दुसरा निर्णयाचा टप्पा आला तो इथे. फुलावर पकडलेली माशी कोण आहे ते कळलं तरी ती राहते कुठे हे कळत नाही, ती ओंडक्यातून आलेली असेल नाहीतर शेजारच्याच्या अंगणातून. टाउनशिपला उत्तर हवं होतं ते उतरणीबद्दल. म्हणून आम्ही फुलं सोडून उतरणीवर जाऊन बसलो. सकाळी ऊन वर आल्यावर, मातीतल्या भोकांसमोर, सावली पडणार नाही अशा अंतरावर.

बऱ्याच वेळाने एका भोकाच्या तोंडाशी हिरवा चेहरा दिसला. आत कोणीतरी दार अडवून बसलेलं. बाहेरून पराग घेऊन दुसरी आली, आतली मागे सरकली, ती आत गेली, चेहरा परत दारात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पोट आत शिरताना अगदी स्वच्छ दिसलं. अगापोस्टेमॉन व्हायरेसेन्सच्या माद्या असंच राहतात, अनेकजणींचं एकच प्रवेशद्वार, आत मात्र प्रत्येकीचं आपलं घर वेगळं, आणि दाराशी पहारा. ह्या एका व्हिडिओने टाउनशिपच्या मीटिंगमध्ये जे काम केलं ते माझ्या कितीही बोलण्याने झालं नसतं.

त्याच उतरणीवर अजून बारीक भोकं होती, तिथून लहान, पूर्ण हिरव्या माश्या ये-जा करत होत्या. त्यातल्या काही बाहेर पडताना भोकावर बाटली उपडी धरून पकडल्या. पंखाचा खाना टोकदार, चेहऱ्याचा कोपरा पसरट. ऑगोक्लोरेला. ॲपवर ह्याच उतरणीच्या आसपास काढलेल्या फोटोंना प्युरा नाव पडलेलं होतं.

जातीपर्यंत जायचं का, हा वाद

मुलीला पुढे जायचं होतं. ऑगोक्लोरेला ऑराटा लिहूया, यादीत तीच जास्त आहे म्हणाली. मी नको म्हटलं. न्यू जर्सीत ऑराटाबरोबर पर्सिमिलिसही आहे आणि त्या दोघींमधला फरक बारीक प्रमाणांचा आणि कवचाच्या नक्षीचा आहे, शेजारी खात्रीचे नमुने ठेवून मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय मी तरी लिहिणार नाही. ‘जास्त सापडते’ हा पुरावा त्या माशीबद्दल काही सांगत नाही, तो यादीबद्दल सांगतो. शिवाय जुन्या पुस्तकांत हीच माशी ऑगोक्लोरेला स्ट्रायाटा नावाने भेटते, 2004 मध्ये बिआत्रिझ कोएल्यो यांनी गटाचा फेरआढावा घेतला तेव्हा स्ट्रायाटा हे ऑराटाचंच दुसरं नाव ठरलं. म्हणजे जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवल्या तर दोन माश्या वाटतील, आहे एकच.

ऑगोक्लोरॉप्सिसचं त्याच्या उलट झालं. ताईंच्या डबीतली खिडकीत मेलेली एक माशी, ती मी भिंगाखाली धरली तर टेग्युलाला ती खाच, पोटाच्या वळ्यांवर केसांची झालर, शंकाच नाही. वर्षानुवर्षं अशा माशीला सरसकट ऑगोक्लोरॉप्सिस मेटॅलिका म्हटलं जायचं. पण 2022 मध्ये झॅक पोर्टमन आणि सहकाऱ्यांनी झूकीज नियतकालिकात अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या ह्या गटाचा आढावा छापला, त्यात व्हिरिड्युला आणि फुल्जिडा ह्या जाती मेटॅलिकातून परत वेगळ्या काढल्या. म्हणजे आधी एक समजलेली आता अनेक. तो आढावा मिडवेस्टचा आहे, आमची बाग पूर्वेला. त्यामुळे त्यातली किल्ली (जात ओळखायची खुणांची क्रमवार यादी) इकडे तशीच लावून जात ठरवणं मला योग्य वाटलं नाही. बोर्डवर फक्त ऑगोक्लोरॉप्सिस.

मुलगी थोडी नाराज झाली, आणि मी तिला दोष देणार नाही, नाव अर्धवट सोडायला कोणालाच आवडत नाही. मग मी तिला पश्चिमेकडचं उदाहरण सांगितलं: तिकडे अगापोस्टेमॉन टेक्सॅनस आणि अँजेलिकस ह्या दोन जातींच्या माद्या आयुष्य माश्यांत घालवलेल्या लोकांनाही वर्षानुवर्षं खात्रीने वेगळ्या सांगता येत नव्हत्या, नरांवरूनच जात कळायची, आणि ते लोक मादीच्या लेबलवर ‘अँजेलिकस किंवा टेक्सॅनस’ असं सरळ लिहायचे. तिला हे आवडलं. तिने स्वतः जाऊन आयनॅचरलिस्टवर आपल्या जुन्या फोटोंची नावं एक पायरी वर नेली, जिथे खूण दिसत नव्हती तिथे ऑगोक्लोरिनी इतकंच ठेवलं. काहींचं रिसर्च ग्रेड गेलं. तिने तरीही केलं, आणि ज्यांनी आधी ‘ॲग्री’ दाबलं होतं त्यातल्या एकाने कारण विचारलं तर त्याला पंखाच्या खान्याचं चित्र काढून पाठवलं.

निष्पन्न काय झालं

ओंडक्यांजवळ पकडलेल्या माश्यांत प्युरा खरंच सापडली, त्यामुळे ढीग राहिला, फक्त कुंपणापासून थोडा आत सरकवला. उतरणीबद्दल टाउनशिपच्या माणसाने व्हिडिओ बघून सरळ विचारलं की मग माती वाहते त्याचं काय करायचं. प्रश्न रास्त होता. तोडगा असा निघाला: खालच्या अर्ध्या भागात, जिथे पाणी जोर धरतं आणि भोकं नव्हती, तिथे मल्च. वरचा भाग उघडा, तिथे लिटल ब्लूस्टेम गवताचे झुपके अंतर ठेवून लावायचे, म्हणजे मुळं माती धरतील आणि मधली जमीन मोकळी राहील.

मल्च टाकायला आलेल्या लोकांना सीमारेषा कळावी म्हणून ताई त्या दिवशी सकाळीच तिथे जाऊन उभ्या राहिल्या, दोरी बांधून. कागदावर ठरलेलं असलं तरी फावडं हातात असलेल्या माणसाला कोणी सांगितलं नाही तर तो चांगलं काम म्हणून सगळीकडेच पसरवतो.

बोर्डवर शेवटी चार चित्रं आली. व्हायरेसेन्स जातीच्या नावासकट, प्युरा जातीच्या नावासकट, ऑगोक्लोरेला आणि ऑगोक्लोरॉप्सिस फक्त गटाच्या नावाने. प्रत्येकीखाली एक ओळ ती कुठे राहते त्याची आणि एक बाण, कुठे बघून ओळखली त्या खुणेकडे. ताईंना काळजी होती की मुलांना जड जाईल. झालं असं की मुलं बाणच आधी बघतात आणि मग फुलावर जाऊन पट्टेवाली शोधतात.

पुढच्या वसंतात वरच्या भागात परत भोकं दिसली, व्हायरेसेन्स ये-जा करताना दिसली. माश्या वाढल्या की कमी झाल्या हे मी सांगणार नाही कारण आम्ही आधी मोजल्याच नव्हत्या.

वेगळं काय करता आलं असतं

तो शेवटचा मुद्दाच पहिला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला उतरणीवरची भोकं ठरावीक चौकटीत मोजून ठेवली असती तर मल्चच्या आधी आणि नंतर अशी तुलना करता आली असती. तेव्हा प्रश्न नावाचा वाटत होता म्हणून कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता चौकटीच्या चार खुंट्या ठोकलेल्या आहेत.

फोटोंबरोबर जागा लिहिलेली नव्हती. ॲप बागेचा ठिपका दाखवतं, पण ओंडक्याजवळ की उतरणीवर हे त्यात कळत नाही. फुलाचं नाव आणि बागेतला कोपरा एवढं जरी शेऱ्यात लिहिलं असतं तरी आमचं निम्मं काम वाचलं असतं.

नमुन्यांबद्दल माझं मत मात्र त्या मुलीपेक्षा थोडं वेगळं आहे आणि ते मी तिला सांगितलंय. बोर्डसाठी माश्या मारायची गरज नव्हती, बरोबर. पण बागेची कायमची यादी करायची असेल तर ऑगोक्लोरेलाचे मोजके नमुने रीतसर परवानगी घेऊन, तारीख-जागा लिहून, एखाद्या विद्यापीठाच्या संग्रहात जायला हवेत. उद्या ऑराटा-पर्सिमिलिसबद्दल कोणी नवीन काही छापलं तर फोटोवर परत जाऊन नक्षी बघता येत नाही, नमुन्यावर येते. ऑगोक्लोरॉप्सिसच्या बाबतीत ताईंच्या डबीतली ती एक वाळलेली माशी आज तेच काम करतेय. ती सध्या माझ्याकडे आहे, लेबलसकट, आणि पूर्वेकडच्या ह्या गटावर काम करणारं कोणी भेटलं की त्यांच्याकडे जाईल. बोर्डवर तिच्या नावापुढे जागा मोकळी सोडलीय आणि ती पट्टी स्क्रूने बसवलीय, बदलता येईल अशी.